कुलूप काढलेला फोन आणि बिनदाराचा मठ

"आपल्याच फोनचं कुलूप आपणच काढलं, तर त्यात गुन्हा कसला, बाबा?"

हिरापुरी बाबा मठाच्या उंबऱ्यावर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"गुन्हा कोण म्हणालं?"

"कुणी नाही. पण ताई बोलत नाही."

"मग तसं सांग की. गुन्ह्याचं कशाला काढतोस..."

भागवत समोरच्या दगडावर टेकला. टेकडी चढून त्याला धाप लागली होती, पण खरी धाप ती नव्हती. खाली करवंजीत आज जत्रा होती, आणि करवंजी म्हणजे कौसाताईचं सासर. दर वर्षी भावाचं ताट मांडल्याशिवाय ताई पहिली पोळी तव्यावर टाकायची नाही. यंदा सांगावाच आला नव्हता. पुरणाचा वास काही टेकडीवर पोचत नाही, पण भागवतला येत होता.

भागवतचं तालुक्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान. हातात कला होती, आणि ती आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. स्वतःला तो बाबांचा चेला म्हणवायचा. बाबा हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत. आला की पाणी द्यायचे.

"काय केलंस तिच्या फोनला?"

"चांगलंच केलं. कंपनी फोन विकते बाबा, पण किल्ली आपल्यापाशी ठेवते. आत एक राखण्या बसवते. हे करू नको, तिकडं जाऊ नको, ह्याला हात लावू नको. वस्तू आपली आणि हुकूम त्याचा."

"मग?"

"मी राखण्याला हाकललं. कंपनीचं कुलूप काढलं, आतली सगळी व्यवस्थाच बदलली. नको ती ॲपं गेली. फोन वाऱ्यासारखा पळायला लागला. ताईला म्हणलं, आता खरी मालकीण तू."

"खूश झाली?"

"लई."

"मग बोलत का नाही?"

भागवतनं पायाजवळचा खडा उचलला, न्याहाळला, टाकून दिला.

"एका खेळानं परवानगी मागितली. सगळ्याचीच. ताईनं बोट टेकवलं. आधीचा राखण्या असता तर त्यानं आडवा हात घातला असता. तो नव्हता... दिवस उजाडायच्या आत ताईच्या नावानं साऱ्या गणगोताला जाहिराती गेल्या."

"कसल्या?"

"तरणं करणाऱ्या गोळ्यांच्या."

"कुणाकुणाला?"

"सासऱ्यालासुद्धा."

बाबांच्या बोटांतली शेंग थांबली. खांदे जरासे हलले. मग पुन्हा सोलणं सुरू झालं.

"म्हाताऱ्यानं मागवल्या का?"

"हसण्यावारी नेऊ नका, बाबा. चार बायकांत ताईला मान खाली घालावी लागली."

"बरं. नाही हसत."

"मी काय हात बांधून बसलो नाही. सगळं पुसलं. कंपनीची जुनी व्यवस्था जशीच्या तशी परत घातली. कुलूपसुद्धा लावलं. तर नेमकी पडद्यावर हिरवी रेघ उठली. माझा हातसुद्धा लागला नव्हता पडद्याला. फोन हमीत होता, म्हणून ताईला घेऊन कंपनीच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसानं तार जोडली, बघितलं आणि म्हणाला, हमी संपली."

"का?"

"ह्या जातीच्या फोनात म्हणे आत एक खूण असते. एकदा कुलूप काढलं की ती उमटते. पुन्हा कुलूप लावा, काही करा, ती जात नाही."

"म्हणजे राखण्या जाताना खूण ठेवून गेला."

"फोन जसा होता तसाच आहे, बाबा. तरी हमी नाही. हा न्याय झाला का?"

बाबांनी दाणे वाटीत टाकले. फोलं फुंकरीनं उडवली.

"आणि कुलूप काढलं तेव्हा फोन काही बोलला नाही?"

"फोन?"

"एवढा शहाणा केलाय त्याला. गप बसला?"

भागवत घुटमळला.

"बोलायचा... कुलूप काढलेलं होतं तोवर, चालू केला की दर वेळी आधी काळा पडदा यायचा. त्यावर लिहून यायचं, ह्या फोनचं कुलूप काढलेलं आहे, भरवसा ठेवू नका. मग उघडायचा."

"खरं बोलत होता की बिचारा. ताईनं वाचलं नाही?"

भागवत नखानं दगड खरवडायला लागला.

"भागवता..."

"मी त्या काळ्या पडद्यावर चित्र डकवलं होतं. झेंडूच्या फुलांचं. तिला उगाच भीती वाटायला नको म्हणून."

बाबांनी हातातली शेंग फोडली.

"कंपनीच्या माणसानं तिला विचारलं, तेव्हा रोज सूचना आली असेल, वाचली नाही का? ताई म्हणाली, माझ्या फोनात तर झेंडू यायचा. मग माझ्याकडं बघायला लागली." भागवतनं खिशावर हात ठेवला. तिचा फोन तिथंच होता. "घरी येईस्तोवर बोलली नाही. दारात हा माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, भरवसा फोनवरचा उडाला नाही रे, तुझ्यावरचा उडाला."

बाबांनी पुढची शेंग घेतली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या गप्पपणानं भागवतच्या डोक्यात सणक गेली.

"आणि तुमच्या मठाला तरी कुठं दार आहे?"

ते खरं होतं. मठाला चौकट होती, उंबरा होता, दार नव्हतं. एके काळी होतं. वाटसरूला तहान लागली तर कडी वाजवावी लागू नये म्हणून बाबांनीच ते काढलं आणि फळ्या खालच्या शाळेला बाकांसाठी देऊन टाकल्या.

"कुलूप सोडा, तुम्ही दारच काढलंत. तुमचं कुणी काही नेलं का? तुम्हाला कुठली कंपनी हमी देते? तुम्ही काढलं तर साधूपण, आणि मी काढलं तर..."

तेवढ्यात खालून हलगी कडाडली.

बाबांचा कान तिकडं वळला. बराच वेळ तिकडंच राहिला.

"कुस्त्या लागल्या."

"हं."

"करवंजीची कुस्ती शेवटची बघितली, तेव्हा दार होतं."

बाबांनी मांडीवरची फोलं झटकली. काठी घेतली. झोळी खांद्याला अडकवली.

"कुठं निघालात?"

"खाली."

"थांबा, मीही येतो."

"तू कसा येशील?" बाबांनी काठीनं उंबरा दाखवला. "मठाला दार नाही."

आणि उताराला लागले. वयाला शोभणार नाही अशा चालीनं.

भागवत उंबऱ्यावर बसला. मनाशी म्हणाला, येतील घटकाभरात.

मठात राखायला होतं तरी काय... पाण्याचा माठ, पिठाचा डबा, गुळाचा खडा, टोपलीत फडक्याखाली भाकरी. पण शेळीला काय, पीठही गोड. पहिली आली तीच. तिला हाकलली. मग कुत्रं आलं, आत नाक खुपसून, जणू घरचंच. त्याला दगड दाखवला. कडुनिंबावर माकडं येऊन बसली होती, त्यांना मात्र काही घाई नव्हती.

एक धनगरीण पाणी प्यायला आली. त्याच्याकडं बघून तांब्या तिच्या तोंडाशीच थांबला.

"नवा महाराज का?"

"नाही. बाबा येईस्तोवर बसलोय."

"बाबा कुठं गेलं?"

"कुस्त्या बघायला."

"बरं झालं बाई. उठवलं कुणीतरी. दर साली हलगी वाजली की म्हातारं हितंच बसून मांडी थोपटतंय."

ती गेली. भागवत जरा वेळ आपल्या मांडीकडं बघत राहिला.

मग त्याला वाटलं, ताईचा काही निरोप आला असेल. दर साली एव्हाना पंगत बसते. पण उंबऱ्यावर रेंज नव्हती. रेंज चार पावलं पलीकडच्या दगडावर. आपला फोन घेऊन तो त्या दगडावर चढला. निरोप नव्हता. उघडून पुन्हा बघितलं, तरी नव्हता. मागं सळसळ झाली. वळतो तर माकड भाकरी घेऊन फांदीवर पोचलंसुद्धा, आणि सावकाश, त्याच्याकडं बघत, खायला लागलं.

भागवत परत येऊन बसला. फोन बंद करून खिशात टाकला.

काम नव्हतं, म्हणून तो बघत बसला. उंबऱ्याचा दगड मधोमध झिजून खोलगट झाला होता. माणूस आपोआप तिथंच सरकत होता. चौकटीला जुन्या बिजागऱ्यांची भोकं तशीच होती. एका भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. ती चिखलाची गोळी घेऊन यायची, लिंपायची, पुन्हा जायची.

ऊन उतरलं. वारा सुटला. येणाऱ्याला त्यानं पाणी दिलं, घुसणाऱ्याला हाकललं. पुढं पुढं तर माकडंही त्याला ओळखायला लागली आणि निंबावरून उतरेनाशी झाली. गेल्या कित्येक दिवसांत त्याला इतकं स्वस्थ वाटलं नव्हतं. का ते त्यानं शोधलं नाही. उठायचं नव्हतं, एवढं त्याला पुरेसं होतं.

दिवेलागणीला बाबा आले. कपाळावर गुलाल, पायांवर आखाड्याची माती, काखेत फडक्याचं गाठोडं. चेहरा असा की जणू यांनीच कुस्ती मारली.

"शेवटची निकाली झाली. काय पेच टाकला पोरानं..." ते धापा टाकत दगडावर बसले. "तुझ्या ताईनं हाक मारली. जेवायला बसवलं."

भागवतनं पायाजवळचं फोल उचललं. कान मात्र तिकडंच.

"विचारत होती, मठात कोण बसलंय."

"मग?"

"म्हणलं, दार काढणारा आणखी एक भेटलाय. त्याला बसवलाय."

"काय म्हणाली?"

"हसली. मग आत गेली. हे बांधून दिलं." बाबांनी फडकं सोडलं. आत पोळ्यांची चळत होती, वर तुपाची वाटी. "मी एकटा एवढं खातो का, तूच सांग."

भागवतनं तोंड फिरवलं. निंबाकडं बघत राहिला.

"मठातून काय गेलं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

बाबा माकडांकडं बघत होते.

"...एक भाकर गेली. मी फोन बघायला त्या दगडावर गेलो होतो."

"आणि?"

"बाकी सगळं जागेवर आहे. मी होतो ना इथं."

बाबा उठून उंबऱ्याशी आले. भागवत सरकला. ते आपल्या खोलगट जागी बसले, काठी आडवी ठेवली.

"जा मग खाली. पंगती उठल्या नाहीत अजून."

भागवत उभा राहिला. खिशातला ताईचा फोन काढला, पुसला, पुन्हा ठेवला.

"जाऊन सांगू काय, बाबा? कंपनीची हमी तर आता येत नाही."

"आत्ता मला सांगितलंस, ते सांग."

"कुठलं? मी होतो, ते?"

बाबांनी दुपारची राहिलेली शेंग उचलली. फोडली. दाणे त्याच्या हातावर ठेवले.

"ते नंतर. भाकरीचं आधी सांग."