दोनशे चाळीसचा आकडा

घाटातल्या वळणावर दिगंबरची गाडी दरीत कोसळली, त्याला बारा दिवस झाले होते. तालुक्याच्या दैनिकाने पहिल्याच पानावर छापलं होतं, 'इंजिनात फेरफार, ताशी दोनशे चाळीसचा वेग, तरुणाचा बळी.' तेव्हापासून दिगंबरच्या गाडीचं काम करणाऱ्या बाबालाल मिस्त्रीच्या गॅरेजकडे कुणी फिरकत नव्हतं. दिगंबरच्या बायकोला तर लोक तोंडावर विचारायचे, "एवढी कसली घाई होती गं त्याला?"

शोकसभेत त्या दैनिकाचे संपादक इंगवले हीच बातमी हातात धरून तरुणांना उपदेश करायला लागले, तसा मागे बसलेला बाबालाल उठला.

"साहेब, त्याची हौस म्हणून मी फक्त वेगाचा मोठा मीटर बसवला होता. इंजिनाला हातसुद्धा लावला नाही. दोनशे चाळीस कुणी मोजलं?"

"मोजायचं काय त्यात? मीटरचा फोटो आहे आमच्याकडे. शेवटचा आकडा तोच आहे!"

बाबालालने दाराकडे बोट दाखवलं.

"तुमची गाडी दारात आहे. तिच्या मीटरवर दोनशे साठपर्यंत आकडे आहेत. मग उद्या छापा, संपादकांची गाडी शोकसभेच्या दारात ताशी दोनशे साठच्या वेगाने उभी होती."

इंगवल्यांनी हातातल्या बातमीची घडी घातली. "मग गाडी दरीत गेली कशी?"

"त्या वळणावरचा कठडा दोन वर्षांपूर्वीच ढासळलाय, साहेब. तुम्ही रोज तिथूनच येता. पण नसलेल्या कठड्यावर आकडा नसतो, म्हणून तो बातमीत आला नसेल."