बर्डे सर आणि हसरं लेकरू

सर्जरीची तोंडी परीक्षा घ्यायला बर्डे सर येणार म्हटलं, की शिकाऊ डॉक्टरांची झोप उडायची. चांगली धडधाकट पोरं त्यांच्यासमोरून डोळे पुसत बाहेर पडायची.

त्या दिवशी परीक्षेचा पेशंट म्हणून माझ्या सम्यकला ठेवलं होतं. आठ महिन्यांचं लेकरू, जांघेत हर्निया. पण रडून जोर केला तरच तो फुगवटा दिसायचा, आणि आज तर स्वारी नुसती खुदुखुदू हसत होती.

परीक्षा देणाऱ्या केतकी मॅडमनी तपासून सांगितलं, "सर, हर्निया आहे."

"कुठाय? मला तर दिसत नाही!" बर्डे सर म्हणाले. "दाखवा, नाहीतर नापास."

"रडला की दिसेल, सर."

"मग काढा चिमटा! बघता काय?"

मी सम्यकचा पाय घट्ट धरला.

"घाबरू नका, ताई," मॅडम मला म्हणाल्या आणि सरांकडे वळल्या. "चिमटा कशाला, सर? आम्हाला विचारता तसा एक प्रश्न यालाही विचारा ना."

शेजारचे दुसरे परीक्षक फिस्सकन हसले. बर्डे सर लालबुंद झाले.

"हा काय चावटपणा आहे?"

ते असे ओरडले, की सम्यकनं भोकाडच पसरलं. जांघेत सुपारीएवढा फुगवटा टम्म वर आला.

"हा बघा सर, हर्निया."

"हं. आता आत जातो का, तेही दाखवा!"

"दाखवते की. बाळ शांत झालं की जाईल आत, म्हणून तुम्ही फक्त जरा बाहेर थांबा."

दुसरे परीक्षक उठलेच. "चला बर्डे, चहा घेऊ. पोरगी पास!"