बुडत्या शत्रूसाठी सोडलेली साखळी

वेलानगरीवर सुयाम राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व एका नावाड्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव क्षेमंकर. कालकेतू नावाच्या चाच्याने एकदा ती नगरी जाळली आणि पुष्कळ माणसे पळवून नेली. तेव्हा राजाने बंदराच्या तोंडाशी असलेल्या खडकाळ बेटावर तट उभारला, बेटापासून किनाऱ्यापर्यंत लोखंडी साखळी ताणली आणि क्षेमंकराला तिथला दुर्गपाल नेमले.

काही वर्षांनी एका सकाळी टेहळ्या ओरडला, "गलबते! कालकेतूची गलबते!"

पहिले गलबत साखळीवर आदळून तिरके झाले. तटावरून बाण सुटू लागले. दुपारपर्यंत झुंज चालली, पण साखळी तुटली नाही. इतक्यात वादळ उठले. गलबतांना माघारी फिरता येईना. लाटा त्यांना खडकांकडे ढकलू लागल्या. तटावर एकच जल्लोष झाला!

क्षेमंकर मात्र पाण्यात गटांगळ्या खाणाऱ्या माणसांकडे पाहत होता. तो म्हणाला, "बाण थांबवा. साखळी सोडा."

साखळीच्या रहाटावर उग्रक उभा होता. त्याच्या धाकट्या भावाला कालकेतूनेच नेले होते. "दुर्गपाल, हे काय बोलता? आज समुद्रच आपला सूड घेतोय!"

"उग्रका, हा तट माणसे वाचावीत म्हणून बांधला आहे."

"आणि आत येऊन त्यांनी नगरी पुन्हा जाळली तर?"

"शस्त्रे टाकल्याशिवाय कोणी आत येणार नाही. मी त्यांच्यातच असेन. दगा दिसला तर साखळी ओढून घे. माझ्यासाठी थांबू नकोस."

निःशस्त्र क्षेमंकराने लहानशी होडी लाटांत घातली. "शस्त्रे टाका! वाट दाखवतो!" तो ओरडला. भाले, धनुष्ये धडाधड पाण्यात पडली. फक्त कालकेतूने आपली तलवार ठेवली. क्षेमंकर त्याच्या गलबतावर चढताच त्याने ती त्याच्या गळ्याला लावली.

"तुला मरणाचे भय नाही?"

"डावीकडे खडक आहे! आधी सुकाणू धर!"

कालकेतूने वळून पाहिले. काळा खडक हातभर अंतरावर होता! तलवार टाकून तो दोन्ही हातांनी सुकाणूला लटकला. गलबत खडकाला घासून पुढे निसटले.

ते साखळीजवळ येताच उग्रकाने रहाटाचा दांडा धरला. डोळे मिटून त्याने रहाट सोडला. साखळी खळखळत तळाशी गेली आणि उरलेली सारी गलबते बंदरात शिरली.

गलबतांच्या पोटात वल्ह्यांपाशी बेड्या घातलेली माणसे होती. ती वेलानगरीचीच होती! उग्रक धावत आला. त्याने एकेक चेहरा न्याहाळला. भाऊ त्यांत नव्हता. तो क्षणभर खाली बसला. मग उठून हातोडा घेतला आणि जवळच्या माणसाची बेडी तोडू लागला.

ते पाहून कालकेतूने मान खाली घातली. पुढे त्याने कधी शस्त्र धरले नाही. त्याच खडकांतून परक्या जहाजांना वाट दाखवत तो जगला.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तो कालकेतू म्हणजे आजचा अंगुलिमाल. सुयाम राजा सारिपुत्त होता, उग्रक आनंद होता आणि क्षेमंकर मीच होतो. वैऱ्याचा जीव वाचवताना माझे मन डगमगले नाही, ती माझी मैत्री-पारमिता, मैत्रीगुणाची पूर्णता."