वेशीवर अडखळलेले पाऊल

नद्यांना अजून आपापले मार्ग पाठ झाले नव्हते, त्या कृतयुगात विंध्याच्या दक्षिण उतारावर ऋतवसू नावाचे ऋषी पत्नी मंदस्विनीसह राहत असत. एका उन्हाळ्यात मंदस्विनीने इंद्राच्या यज्ञासाठी राखलेले जल तहानेने कोसळलेल्या हरिणीला पाजले. इंद्र कोपला. "जलाचा एवढा कळवळा आहे, तर जल होऊन भूमीच्या पोटात वाहा."

ऋषींनी त्याचे पाय धरले, तेव्हा तो थोडा निवळला. "पृथ्वीवर फिर. जिथे योग्य तितकेच राहशील, तिथे ती वर येईल. मात्र हातातला दंड संपला की शोध संपला."

"योग्य तितके म्हणजे किती, देवराज?"

"ते मला कळले असते, तर मी एकाच सिंहासनावर इतका काळ बसलो असतो का?"

ऋतवसू निघाले. रात्री मुक्काम, पहाटे प्रस्थान. एका गवळवाड्यातली म्हातारी म्हणाली, "बाबा, दूध तापेपर्यंत तरी टेका. आमची नावंही विचारली नाहीत." ते टेकले नाहीत. चालून चालून दंड निम्मा झिजला.

मग त्यांनी उलट केले. राजा हेमकेतूच्या उपवनात, कमळांनी भरलेल्या सरोवराकाठी, ते राहिले ते राहिलेच. एके दिवशी दंड उचलून पाहतात तो वाळवीने पोखरलेला. हाती वीतभर तुकडा उरला.

तो घेऊन ते एका उघड्या टेकडीवरच्या गावी आले. गाव विहीर खोदत होते. गावाची मुखिया तारिणी हिने त्यांना जेवू घातले, निजू दिले आणि मग म्हणाली, "ऋषिबाबा, पाहुणपण पुरे. टोपली उचला."

ऋषी अनवाणी माती वाहू लागले. माती वाहता वाहता त्यांनी मंदस्विनीची गोष्ट तारिणीला सांगितली. कुठे खोदावे यावर मात्र ती त्यांच्याशी कडाकडा भांडे. पाणी काही लागेना. एका संध्याकाळी ती नरमाईने म्हणाली, "आता जागा तुम्हीच सांगा. तुम्हाला विचारल्यावाचून कुणी कुदळ उचलत नाही. झोपडी बांधून देतो, इथेच राहा."

थकलेल्या पायांना मोह झाला. पण न भांडणारी तारिणी पाहून ऋषी चपापले.

"जागा तूच ठरव, बाई. मी निघतो."

"आणि तुमची मंदस्विनी?"

"दंड आहे तोवर चालेन."

वेशीवर त्यांचे पाऊल अडखळले. मागे तारिणी पुन्हा गावाशी भांडत होती. ते हसले, पण पाऊल उचलेना. नमस्कारासाठी वाकून त्यांनी तुकडा भूमीला टेकवला, आणि त्याचा भुगा झाला. सारे संपले असे वाटून त्यांनी डोळे मिटले.

पायाखाली ओल लागली. भूमी उकलली, झरा उसळला आणि त्यातून मंदस्विनी वर आली.

"नाथ, तुम्ही धावत होता तेव्हा पावले ओळखू येण्याआधीच दूर जात. बसून राहिलात तेव्हा ती वाजेनातच. इथे मी ती रोज ऐकत होते. आज जाता जाता ती थबकली, तेव्हा म्हटले, हे तुम्हीच."

झरा गावाला राहिला आणि ती दोघे पुढे चालू लागली. तेव्हापासून परिव्राजक गावाने काम सांगेपर्यंत थांबतात, आपल्यावाचून ते अडू लागण्याआधी निघतात. आणि वेशीवर पाऊल अडखळले, तर तिथे ओंजळभर पाणी सोडतात.