विसावा आठवडा

"...पण बुवा, विसावा घेऊ की चव्वेचाळिसावा, तेवढं फक्त सांगा. बाकी सगळं माझं ठरलंय."

गाडी घाटाचं शेवटचं वळण उतरत होती. शेजारच्या सीटवर निर्मळबुवा मांडी घालून बसले होते आणि काचेतून बाहेर फुललेले पळस पाहत होते.

"कसला विसावा?" त्यांनी विचारलं.

"आठवडा, बुवा. वर्षातला विसावा आठवडा. मे महिन्याचा मध्य."

"विसावा..." बुवा म्हणाले. तो शब्द त्यांनी थोडा वेळ तोंडात घोळवला, खडीसाखरेसारखा. मग पुन्हा पळस पाहू लागले.

गाडी चालवणारा चंद्रहास देवस्थळी उत्तराची वाट पाहत राहिला. अकरा वर्षं तो बुवांच्या मठात जात होता. बुवा गप्प बसले की आपणही गप्प बसायचं, एवढं त्याला कळलं होतं. किती वेळ, ते मात्र अजून कळलं नव्हतं.

तो एका कारखान्यात नियोजनाच्या खात्यात होता. कोणता सुटा भाग कोणत्या दिवशी कोणत्या यंत्रावर चढायचा, हे तो तीन-तीन महिने आधी सांगत असे आणि ते तसंच घडत असे. याचा त्याला अभिमान होता. तो लपवावा असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

फक्त घरात एक गोष्ट बिघडली होती.

दोन वर्षांपूर्वी त्याने आपल्या मुलीला, शाल्मलीला, सुट्टीत समुद्रावर नेण्याचं कबूल केलं होतं. आयत्या वेळी काम निघालं. शाल्मली खूप रडली. गेल्या वर्षी पुन्हा कबूल केलं, पुन्हा काम निघालं. त्या वेळी ती रडली नाही. बॅगेतले कपडे काढून तिने मुकाट्याने कपाटात लावून ठेवले.

यंदा तिने विचारलंच नाही.

बारा वर्षांची पोर, आणि सुट्टीत कुठे जायचं म्हणून विचारत नाही... चंद्रहासला ते टोचत राहिलं. मग त्याने त्याच्या पद्धतीने उपाय शोधला. एका थीम पार्कला लागून मोठं रिसॉर्ट होतं. तिथे टाइमशेअर मिळत होता. वर्षातला एक आठवडा आपल्या नावावर. तीच खोली, तोच आठवडा, पंचवीस वर्षं. एकदा सही झाली की कुठलंही काम मध्ये येणार नाही.

रिसॉर्टच्या कंपनीने त्यांना एक दिवस राहून बघायला बोलावलं होतं. असं काही तो पहिल्यांदाच घेत होता आणि मठ वाटेवरच होता. म्हणून बुवांनाही त्याने गाडीत घेतलं.

मागच्या सीटवर त्याची बायको वृंदा डोळे मिटून बसली होती. शाल्मलीच्या कानात इअरफोन होते.

"बुवा, उत्तर...?"

"आधी बघू तरी," बुवा म्हणाले.

*

रिसॉर्टच्या दिवाणखान्यात गारवा होता. मधोमध एका काचेखाली त्या सगळ्या जागेची प्रतिकृती मांडली होती. बोटभर उंचीच्या इमारती, निळ्या रंगाचं पाणी, वाटीएवढा आकाशपाळणा. तो खरंच फिरत होता.

रेश्मा गावित नावाच्या बाईंनी मोठा तक्ता उघडला. बावन्न आठवडे, तीन रंगांत. लाल म्हणजे सुट्ट्यांचे, निळे पावसाचे, उरलेले पांढरे.

"सर, लालमध्ये आता दोनच शिल्लक आहेत. विसावा आणि चव्वेचाळिसावा. विसाव्यासाठी अजून एक कुटुंब थांबलंय. चार वाजेपर्यंत तुमच्यासाठी ठेवते."

"वृंदा, तुला काय वाटतं?"

"तू ठरव. मी जरा उन्हात बसते." वृंदा बाहेर गेली. शाल्मली केव्हाच गेली होती.

बुवा प्रतिकृतीवर वाकले होते. निळ्या पाण्याच्या काठाला तांदळाएवढी माणसं चिकटवलेली होती. कुणाचा हात वर, कुणाचे पाय पाण्यात.

"हे कोण लोक?" बुवांनी विचारलं.

रेश्माबाई हसल्या. "कुणी नाही, महाराज. नुसती मांडलीयत."

"हं..." बुवा म्हणाले. "सुखात दिसतात."

आणि तेही बाहेर गेले.

*

चंद्रहासने दीड तास तक्त्यावर काढला. तळ्याच्या बाजूची खोली की पाळण्याच्या बाजूची, दुसरा मजला की चौथा, सगळं मार्गी लागलं. आठवडा तेवढा राहिला. तो तक्ता घेऊन बुवांना शोधायला निघाला.

बाहेर दुपार अगदी मऊ झाली होती. गर्दी नव्हती. पांढऱ्या प्लॅस्टरचे हत्ती सोंडेतून पाणी सोडत उभे होते. कुठूनतरी बारीक धुकं सोडलं जात होतं आणि त्यात ऊन अडकून राहिलं होतं. वर आकाशपाळणा रिकामाच फिरत होता, स्वतःशीच काही आठवत असल्यासारखा.

धुक्याच्या पलीकडे एक नदी होती. माणसांनी केलेली, कमरेएवढ्या पाण्याची. झाडांतून, खोट्या डोंगराखालून वळत-वळत ती पुन्हा स्वतःलाच येऊन मिळत होती.

आणि त्या नदीतून, एका पिवळ्या ट्यूबमध्ये पाय पसरून, निर्मळबुवा वाहत येत होते.

सुती कपडे पाण्यात चालत नाहीत, म्हणून त्यांची कफनी काउंटरवर ठेवून घेतली होती. अंगात नायलॉनचा निळा शर्ट होता. त्यावर बदकाचं चित्र होतं. पांढरी दाढी छातीवर, हात पाण्यात.

"बुवा!"

"अरे, ये ये. या नदीचं नाव ठाऊक आहे का? शाल्मलीने सांगितलं. आळशी नदी!"

"बुवा, चार वाजता सही करायचीय. कोणता आठवडा?"

"हे पाणी कुठून येतं रे?"

"पंप आहे, बुवा. तेच पाणी फिरतं."

"अस्सं..." म्हणत बुवा डोंगराखाली दिसेनासे झाले.

चंद्रहासने घड्याळ पाहिलं. सात मिनिटांनी ते दुसऱ्या बाजूने आले. तो काठाकाठाने त्यांच्याबरोबर चालू लागला.

"बुवा, विसावाच बरा. मे महिन्यात शाल्मलीला शाळा नसते."

"किती वर्षं घेतोयस म्हणालास?"

"पंचवीस."

"पंचविसाव्या वर्षी केवढी असेल रे ती?"

हिशेबात चंद्रहास कधी अडखळत नसे. "सदतीस," तो म्हणाला.

म्हणाला, आणि उभाच राहिला.

बुवा पुढे निघून गेले होते.

*

पुढच्या फेरीला बुवांच्या आधी शाल्मली आली.

ती डोळे मिटून वाहत होती. चंद्रहासने हाक मारली नाही. तिचे पाय ट्यूबच्या बाहेर लोंबत होते. एवढे लांब कधी झाले? डाव्या गुडघ्यावर एक जुनी खूण होती, पांढुरकी, बोटाच्या पेराएवढी. ती त्याने कधी पाहिली नव्हती.

ऊन तोंडावर आलं तसे तिने डोळे उघडले.

"बाबा. झालं का तुझं?"

"होतंय. थोडंच राहिलंय."

"बरं," ती म्हणाली.

त्या "बरं"मध्ये राग नव्हता. रुसवा नव्हता. काहीच नव्हतं. ती पाण्याबरोबर वळली आणि गेली.

बुवा आले तेव्हा तो पायऱ्यांवर उभा होता.

"बुवा, मी चुकतोय का? मी तिला द्यायलाच बघतोय ना? दर वर्षी एक अख्खा आठवडा देतोय. तोही कुणाला काढून घेता येणार नाही असा!"

पायऱ्या धरून बुवा सावकाश बाहेर आले. निळ्या शर्टातून पाणी निथळत होतं.

"चहा मिळतो का बघतो," ते म्हणाले. "ही ट्यूब धर. सोडू नकोस. मी येतोच."

आणि ट्यूबची दोरी त्याच्या हातात देऊन ते ओल्या पावलांनी निघून गेले.

*

चंद्रहास बूट घालून पायरीवर उभा राहिला. एका हातात तक्ता, एका हातात दोरी.

पाणी ट्यूबला ओढत होतं. फार नाही. लहान मूल बोट धरून ओढतं तेवढंच. तो मागे ओढे, ती पुन्हा पुढे जाई. पाच मिनिटं झाली. दहा झाली. बुवांचा पत्ता नव्हता. दूरच्या स्पीकरवर एक गाणं चाललं होतं, पण शब्द पाण्यातच विरघळत होते. सूर तेवढे काठाला लागत होते.

हात भरून आला. त्याने दोरी मनगटाला गुंडाळली. गुरूंनी सांगितलं होतं, सोडायची नाही.

शाल्मली पुन्हा आली.

"बाबा, ही कुणाची?"

"बुवांची. धरून ठेव म्हणालेत."

ती त्याच्याकडे बघत राहिली. बूट, टाय, तक्ता, दोरी... आणि एकदम हसायला लागली. खळखळून. तिचं हे हसणं त्याने किती महिन्यांत ऐकलं नव्हतं!

"धरून काय ठेवायचीय? बस ना!"

ती वाहत पुढे चालली होती. तिने हात मागे केला होता, पण अंतर वाढत होतं. वळण आता दहा-बारा हातांवर होतं.

चंद्रहासने विचार केला नाही. आपण विचार केला नाही, हेही त्याला नंतर कळलं. बुटांसकट तो पाण्यात उतरला. दोरी सुटली, तक्ता सुटला, आणि तो ट्यूबमध्ये पाठीवर पडला.

काठावरच्या रखवालदाराने शिट्टी फुंकली. "ओ साहेब! कपडे!"

पण साहेब वळणावरून गेले होते.

*

खोट्या डोंगराखाली अंधुक होतं. छतावर पाण्याचे कवडसे हलत होते. शाल्मलीने आपला पाय त्याच्या ट्यूबवर टाकला, दोघं लांब जाऊ नयेत म्हणून.

"गुडघ्याला काय झालं होतं?" त्याने विचारलं.

"सायकलवरून पडले. पाच टाके."

"केव्हा?"

"तू चेन्नईला होतास."

"मला कुणी सांगितलं नाही..."

"आईने फोन केला होता. तू म्हणालास, बरं."

पाणी दगडांना लागून हळूच आवाज करत होतं. चंद्रहासने हात लांब केला आणि ओल्या बोटांनी त्या खुणेला स्पर्श केला.

"दुखलं फार?"

"तेव्हा दुखलं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आता नाही."

मग ते बाहेर उन्हात आले. मग पुन्हा डोंगराखाली गेले. ती बोलत होती. शाळेचं, एका मैत्रिणीशी झालेल्या भांडणाचं, शिकायच्या राहिलेल्या पोहण्याचं. त्याने किती फेऱ्या झाल्या ते मोजलं नाही. वर आकाशपाळणा फिरत होता, खाली पाणी फिरत होतं, आणि दोन्हींमध्ये कोण कशाभोवती फिरतंय ते सांगता आलं नसतं.

रेश्माबाई फाइल घेऊन काठाने येताना दिसल्या. त्यांनी साहेबांना पाण्यात पाहिलं आणि त्या थबकल्या.

"सर... चार वाजून गेले."

चंद्रहासने शाल्मलीला विचारलं, "तुला कोणता आठवडा हवा?"

"आत्ता कोणता चाललाय?"

हे त्याला नेहमी ठाऊक असे. तो आठवू लागला. "दहावा... की नववा?"

"मग हाच."

"हा तर पांढऱ्यातला आहे," रेश्माबाई म्हणाल्या. "हा कुणी मागत नाही."

"मॅडम, आज राहू दे," चंद्रहास म्हणाला. "ते दुसरं कुटुंब थांबलंय ना? विसावा त्यांना देऊन टाका. आणि आमची खोली उद्या रात्रीपर्यंत ठेवता येईल का? आम्ही सकाळी निघणार होतो, ते निघत नाही."

शाल्मलीने पाय काढला नाही. मात्र ती दुसरीकडे बघू लागली. तिचे डोळे भरले होते.

रेश्माबाई फाइल छातीशी धरून पाण्याकडे बघत राहिल्या. "मी इथे तीन वर्षं आहे, सर," त्या म्हणाल्या. "या पाण्यात एकदाही उतरले नाही."

मग त्या खोलीचं सांगायला परत गेल्या.

*

ऊन उतरलं तेव्हा बापलेक बाहेर आले. चंद्रहासच्या बुटांत पाणी पचपचत होतं. बाकावर वृंदा आणि बुवा शेजारी-शेजारी बसले होते. बुवा पुन्हा कफनीत होते. वृंदाने नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि टॉवेल पुढे केला. घेताना तिचा हात त्याने क्षणभर सोडला नाही.

मग तो बुवांसमोर ओल्या जमिनीवर बसला.

"बुवा, तुम्ही मला ट्यूब धरून ठेवायला सांगितली होती. माझ्या हातून ते झालं नाही."

बुवा पळीने ढवळावा तसा कपातला चहा गोल फिरवत होते.

"पण तुम्हीही येतोच म्हणालात," चंद्रहास म्हणाला, "आणि आलाच नाहीत..."

"आलो होतो की," निर्मळबुवा म्हणाले. "दोनदा येऊन पाहिलं. काठावर कुणीच नव्हतं."