स्प्रिंगची उसळी

घाटात अजून डांबर पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका लाल शर्यतीच्या गाडीत स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर शेजारी राहत. स्प्रिंग उसळली की तो तिला आवरून धरी.

"सोड की मला!" ती कुरकुरे.

गाडी मऊ चालावी म्हणून मालकाने एकदा शॉकॲब्सॉर्बर सैल करून घेतला. स्प्रिंग हरखली.

घाटातल्या वळणावर चाक खड्ड्यात आदळलं. स्प्रिंग उसळली, पुन्हा उसळली; तिला थांबताच येईना. चाक रस्ता सोडू लागलं. खाली दरी दिसली.

"धर रे मला!" ती किंचाळली.

"धरतोय गं, पण अंगात जोरच उरला नाही," तो कण्हला.

गाडी कठड्याला घासत कशीबशी थांबली. स्प्रिंग कितीतरी वेळ थरथरत होती. मेकॅनिक पाना घेऊन आला, तेव्हा तीच म्हणाली, "दादा, आधी ह्याला आवळा."