लहानूची दाद

एका गावात एक भोळा जावई होता. म्हणजे जावई तो सासरवाडीत. आपल्या गावात तो नुसताच भोळा होता. नाव लहानू. घरी म्हातारी आई, बायको सगुणा आणि म्हशी. सांगितलेलं काम लहानू अगदी सांगितल्यासारखं करायचा, एवढाच काय तो त्याचा दोष. आई म्हणाली, "दुधावर नजर ठेव," की दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत हा नजर ठेवून बसायचा.

त्याचे सासरे बापूसाहेब निकम. तालुक्याच्या गावी त्यांची भाताची गिरणी होती. पैसा झाला, पोट सुटलं, तेव्हा आता लोकांनी आपल्याला रसिक म्हणावं असं त्यांना वाटू लागलं. म्हणून त्यांनी रसिक मंडळ काढलं. मंडळात भुसार मालाचे व्यापारी होते, पेन्शनीत निघालेले मामलेदार होते, दातांचे डॉक्टर होते. गाता-वाजवता एकालाही येत नव्हतं. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण त्यांना ऐकताही येत नव्हतं. माना मात्र सुरेख डोलायच्या.

मंडळाचं सगळ्यात लाडकं वाद्य म्हणजे गिटार. सतारीतलं, पेटीतलं चुकलं-बरोबर सांगणारा एखादा म्हातारा गावात निघायचा आणि पंचाईत व्हायची. गिटारीतलं कुणालाच काही कळत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना सारखंच कळायचं. बोटं जितकी जोरात पळतील तितका वादक मोठा. माप सोपं होतं.

एकदा बापूसाहेबांनी लेक-जावयाला गिटार ऐकायला बोलावलं. गिरणीमागच्या शेडमध्ये गाद्या घातल्या होत्या. वादकानं सावकाश सुरुवात केली. एक सूर लावायचा, तो विरेपर्यंत थांबायचा, मग दुसरा. लहानूला बरं वाटलं. संध्याकाळी म्हशी परतताना लांबून घंटा ऐकू येते, तसं काहीतरी त्याच्या पोटात झालं. मंडळातली माणसं तेवढ्या वेळात पान जमवत होती. मामलेदारांनी जांभई दिली आणि विचारलं, "अजून सुरू नाही झालं का?"

मग बोटं पळायला लागली. मंडळ सावरून बसलं. माना डोलू लागल्या. लहानू मात्र घाबरला. वादकाला घाम फुटला होता, केस तोंडावर आले होते, आणि तो दात-ओठ खात होता. माणूस एवढा कशापायी धावतो? लहानूला राहवेना. तो उठून ओरडला, "अहो पाव्हणं, सावकाश! कुणी मागं लागलंय का तुमच्या?"

गिटार थांबली. बापूसाहेब लालबुंद झाले.

"जावईबापू, तुम्ही घरी जा," ते म्हणाले. "सगुणा इथंच राहील. चार माणसांत बसायची अक्कल आली, की या न्यायला."

लहानू रडत घरी आला. आईनं कपाळाला हात लावला.

"आरं येड्या, आसं वरडायचं नसतं! बोटं भराभरा चालायला लागली, की मान डोलवायची. 'क्या बात है' म्हनायचं. लईच भराभरा चालली, तर 'वन्स मोअर' म्हनायचं."

आई जत्रांमधून पुष्कळ हिंडलेली होती. तिला हे माहीत होतं.

"बरं," लहानू म्हणाला.

चार दिवसांनी तो एस.टी.तून तालुक्याच्या गावी उतरला, तर स्टँडवरच्या बाकावर बापूसाहेब बसलेले. कुठल्याशा लग्नाला निघाले होते. सिल्कचा झब्बा, त्याला सोन्याची बटणं, गळ्यात साखळी, बोटात अंगठी. गाडीला उशीर होता, म्हणून त्यांना झोप लागली होती. मामंजींना उठवू नये म्हणून लहानू शेजारी गप्प बसला.

पलीकडून एक काडीसारखा माणूस आला आणि बापूसाहेबांना चिकटून बसला. त्याची बोटं झब्ब्यावर चालू लागली. काय चालली! पहिलं बटण, दुसरं बटण, झब्ब्याला पत्ता नाही.

लहानूनं मान डोलावली. "क्या बात है!"

चोर दचकला. पण हा कौतुकच करतोय, हे पाहून त्याला हुरूप आला. त्यानं साखळी काढली. बोटं आणखी भराभरा चालली.

"वन्स मोअर!" लहानू म्हणाला.

चोरानं अंगठीही काढली, लहानूला वाकून नमस्कार केला आणि निघणाऱ्या गाडीत चढला.

बापूसाहेब जागे झाले. झब्बा बेंबीपर्यंत उघडा. "कोण होतं रे इथं?"

"नाव विचारायचं राहिलं, मामंजी," लहानू म्हणाला.

त्याही दिवशी सगुणा मिळाली नाही. आईनं सगळं ऐकलं आणि पुन्हा कपाळाला हात लावला.

"आरं, आसं दिसल्यावर मान डोलवत्यात व्हय? झडप घालायची! मनगट धरायचं, सोडायचं न्हाई. 'धरा, धरा' म्हनून मान्सं गोळा करायची."

"बरं," लहानू म्हणाला.

मंडळानं पुढचा वादक आणला. आधीच्यापेक्षा दुप्पट वेगाचा, अशी त्याची ख्याती होती. बापूसाहेबांनी जावयाला मागच्या रांगेत बसवलं. लहानू शहाण्यासारखा बसला. सावकाश वाजत होतं तोवर त्याचे डोळेसुद्धा भरून आले. पण मग बोटं पळायला लागली. लहानूनं दोन व्यापारी आणि एक तक्क्या ओलांडून झेप घेतली आणि वादकाचं मनगट पकडलं.

"धरा! धरा! सापडला!"

सगळे उठून उभे राहिले. दातांच्या डॉक्टरांना ही गिटारीतली नवी तऱ्हा वाटली. ते "वा!" म्हणून मोकळे झाले.

"हात सोडा माझा!" वादक ओरडला.

"आधी बटणं टाका," लहानू म्हणाला.

वादक सुजलेलं मनगट घेऊन मिळेल त्या गाडीनं निघून गेला. लहानूला शेडबाहेर काढलं. तिथं सगुणा त्याच्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन उभी होती.

"अहो, असं काय करता?" ती म्हणाली. "मला न्या की घरी. बाबा सकाळ-संध्याकाळ गिटार लावतात आणि मलाही डोलायला लावतात. मान धरलीय हो माझी."

"कुणी धरलीय?" लहानूनं बाह्या सरसावून विचारलं.

सगुणा अर्धी हसली, अर्धी रडली आणि आत गेली. लहानूला वाटभर करमलं नाही. घरी म्हशींनीही दूध कमी केलं होतं. त्यांना सगुणेच्या हाताची सवय होती.

"आता नीट ऐक," आई म्हणाली. "वाजवनाऱ्याला हात लावायचा न्हाई. त्याच्या हाताकडं बघायचंच न्हाई. डोळं मिटून गप बसायचं. कुनी म्हनलं संपलं, की उठून जोरजोरात टाळ्या वाजवायच्या. येवढं जमंल?"

"जमंल," लहानू म्हणाला.

पण त्या वेळी कार्यक्रमाऐवजी निरोप आला. बापूसाहेबांची म्हातारी आत्या अंथरुणाला खिळली होती आणि आता तिचं काही खरं नव्हतं. लहानू धावत गेला. घर माणसांनी भरलं होतं. सगळे गप्प. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी असतात, तसे. लहानू एका कोपऱ्यात बसला आणि त्यानं डोळे मिटून घेतले. त्याला तसा बसलेला पाहून बापूसाहेबांना पहिल्यांदाच वाटलं, की पोरगा सुधारतोय.

घरच्या डॉक्टरांनी आत्याबाईंची नाडी पाहिली, हात हळूच खाली ठेवला आणि म्हणाले, "संपलं."

लहानू उठला आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. दुसरं कुणीच वाजवेना. लोक लाजताहेत असं समजून त्यानं आणखी जोरात वाजवल्या.

बापूसाहेबांनी त्याला दंडाला धरून अंगणात नेलं. मग ते अहो-जाहो विसरून म्हणाले, "ऐक. थंडीत आमचा मोठा कार्यक्रम आहे. हेरंबनाथ येणार आहेत. तुझ्या बायकोनं पाय धरले म्हणून तुला तेव्हा बोलावतोय. तिथंही माझं नाक कापलंस, तर सगुणा कायमची इथं, आणि तू म्हशींपाशी!"

लहानूनं घरी येऊन आईला हे सांगितलं, तेव्हा म्हातारी घाबरली. सून कायमची जाते म्हणजे काय!

"आरं लेका, कुनाचं संपलं की टाळ्या नसत्यात वाजवायच्या," ती म्हणाली. "गळा काढून रडायचं. 'असा मानूस पुन्हा होनं न्हाई' म्हनायचं. चार जनांना हाक मारून खांदा द्यायचा आन नदीकाठी पोचवून यायचं. मागं वळून बघायचं न्हाई. ध्यानात ठिव."

लहानूनं ते ध्यानात ठेवलं.

थंडीत हेरंबनाथ आले. केस खांद्यापर्यंत, अंगावर जरीची शाल. ते सावकाश वाजवण्यात वेळच घालवत नसत. बसले आणि बोटं पळालीच. बोटं दिसेनाशी झाली, तशा मंडळाच्या माना दिसेनाशा झाल्या. लहानू एकदाही बोलला नाही, उठला नाही. दाराआडून सगुणा देवाचं नाव घेत होती.

सूर्य कलला आणि गिटार थांबली.

आता अडचण अशी झाली, की हे संपलं की मध्येच थांबलं, हे मंडळात कुणालाच कळेना. भलत्या जागी टाळी पडली, तर अब्रू जायची. सगळे डोळे मिटून दुसरा कुणी वाजवतोय का याची वाट बघत बसले. हेरंबनाथही वाट बघत बसले. शेवटी मामलेदार शेजाऱ्याच्या कानात कुजबुजले, "संपलं का?"

लहानूनं ते ऐकलं. त्यानं गळा काढला.

"असा माणूस पुन्हा होणे नाही हो! होणे नाही!"

मंडळानं एकेक डोळा उघडला. जावई छाती बडवून रडत होता. दातांच्या डॉक्टरांना वाटलं, आपल्याला न कळलेलं काहीतरी ह्याला कळलंय. त्यांनी लगेच चष्मा काढून डोळे पुसले. मामलेदार हुंदके देऊ लागले. एका व्यापाऱ्याला रडूच येईना, त्यानं तांब्यात बोटं बुडवून डोळ्यांना लावली. बघता बघता सगळी शेड रडू लागली. बापूसाहेबांचा ऊर भरून आला.

"माझा जावई आहे हा!" ते रडत ओरडले. "सगुणे, ट्रंक भर! आजच्या आज जा नवऱ्याबरोबर!"

सगुणेनं शहाणपणा केला. काही विचारलं नाही, ट्रंक भरायला पळाली.

"चला, खांदा द्या," लहानू म्हणाला.

मंडळातले लोक एकमेकांकडे बघू लागले. पण मोठ्या शहरांत आता असाच सन्मान करत असतील, आणि आपण विचारलं तर अडाणी ठरू, असं प्रत्येकाला वाटलं. चौघं गिरणीतली एक लांब फळी घेऊन पुढं झाले. हेरंबनाथांना आजवर शाली खूप मिळाल्या होत्या, असा मान कुठं मिळाला नव्हता. ते फळीवर आडवे झाले, गिटार छातीवर घेतली आणि खूश होऊन आडव्यानंच वाजवू लागले. त्यांना वरचं आभाळ तेवढं दिसत होतं.

वरात निघाली. सगळ्यात पुढं लहानू, मान खाली घालून. मागं मंडळ, डोळे मिटून. उघड्या डोळ्यांनी गिटार ऐकली तर रसिक कसले? एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून सगळे डोलत चालले होते. बाजारपेठेत लोकांनी टोप्या काढल्या. लहानू पूल उतरला, नदीकडे वळला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

स्मशानातला राखणदार सरणाची लाकडं रचत होता. खांदेकरी त्याच्यासमोर थांबले. त्यानं फळीकडे पाहिलं, आणि त्याच्या हातातलं लाकूड पडलं.

"अहो पाव्हणं," तो लहानूला म्हणाला, "तुमचं मयत तर वाजवतंय!"

लहानूनं डोळे पुसले.

"लई मोठे कलाकार होते," तो म्हणाला. "मेल्यावरसुद्धा हात कसा चालतोय बघा."

आणि मागून सगळं मंडळ, मिटल्या डोळ्यांनीच, म्हणालं, "वा!"